वाणाच्या टोप्या अन् लोकरीचे गुंडे
बायांनो, येळवस (वेळा अमावस्या) झाली की संक्रांत आलीच म्हणून समजा, तर वाणात द्यायच्या टोप्या-मफलर 10 जानेवारीपर्यंत माझ्याकडं आणून द्या, नंतर उगं फोन करू नका. बाळांच्या टोपीला 4 प्लायची (म्हंजे चार पदरी) मऊ लोकर घ्या, टोचणारी स्वस्तातली नको, अन् टाके लई घट्ट नका घालू.

दुसरं म्हणजे मांजरं. आमच्या सोनीनं काल अर्धा मोजा सुईसकट पलंगाखाली ओढत नेला, 42 टाके सुटले, अन् वर शेपूट उभं करून माझ्याच मांडीवर येऊन बसली, काय बोलावं! गुंडे झाकणाच्या डब्यातच ठेवा. मांजरानं लोकर गिळली अन् टोक तोंडातून नाहीतर मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका बरं का, आतडं कापलं जातं, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.