दादाची चकचकीत टाइल

देवगड

प्रिय सुध्या,

उशिरा लिहितोय, बोंब मारू नकोस. आई बरी आहे, माझी शुगर आहे तिथेच आहे. झालं. खरं कारण वेगळंच. दादाने घराच्या फरश्या बदलायला काढल्यात. ओटी, पडवी, न्हाणीघर आणि धर, अंगणातलं खळंसुद्धा! मुंबईहून फोटो धाडतो: गुजरातेतल्या मोरबीचा माल, दोन बाय चार फुटी, पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी. म्हणे, "सगळीकडे एकच घालू, दुकानदार भाव कमी करतो." इथे सगळे मलाच गप्प बसवतात, पैसे तो घालतोय ना! तू त्या ओटीवर वाढलायस, म्हणून तुझ्याकडे रडगाणं.

माजघरात हवी ती घालू दे. पण पडवीत? जूनपासून पागोळ्यांचे शिंतोडे आत, माणसं ओल्या पायांनी येणार, आणि आई ऐंशीच्या घरात. दादा ऐकवतो, त्याची ती व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. खरं आहे. पण न प्यायलेलं पाणी वरच राहणार ना बाबा! घसरण्याची प्रतवारी निराळी असते, आर-९ ते आर-१३. आकडा चढेल तशी पकड जास्त. पडवीला आणि न्हाणीघराला मी निदान आर-११ची, मॅट, खरखरीत मागतोय. त्यावर त्याचं उत्तर, "ती पुसायला त्रास." असेल. पुसणार कोण? हा तर गणपतीला येणार नि मोदक खाऊन जाणार.

न्हाणीघराची आणखी गंमत. कुणाकडे तरी भिंतीची टाइल उरलीय, ती स्वस्तात घेऊन खाली घालू म्हणे. बाबल गवंड्याने एक नमुना पालथा घातला नि पाठीवर तांब्यातलं पाणी ओतलं. बघता बघता प्यायली! "ही भितीक बरी, जमनीक नको. बालदी आपाटली काय फुटतली." अरे, ती दहा टक्क्यांच्या वर पाणी पिते, म्हणून भिंतीला छान धरते, पण भार सोसत नाही. दादा म्हणतो, बाबल जुन्या काळातला. (तू हसू नकोस. विहिरीवरचा प्रकार बाबल विसरलेला नाही.)

खळ्याला मात्र मी ठाम नाही म्हटलं. उन्हात पाय भाजणार, आमसुलं कुठे वाळवायची, आणि आज जमिनीत मुरणारं पाणी उतार जरा चुकला की सरळ घरात. शेवाळ तर खरखरीत टाइलवरही धरतं, तिथे खराटाच लागतो. वर आपली लाल माती. पांढऱ्या सांध्यांची वाट लागायला आठवडा पुरे. तुळशीपर्यंतची चिऱ्याची पाखाडी आहे तेवढी बस.

त्यावर दादा काय म्हणाला असेल? "तात्यांनी नाही का कौलं बदलली?" मला तूच आठवलास. मंगलोरी कौलं म्हणजे पूर्वापार आपली, असं म्हणत माझ्याशी अबोला धरला होतास! १८६५ साली मंगळूरला बाझल मिशनच्या पाद्र्यांनी कौलांचा कारखाना काढला, त्याआधी आपल्याकडे नळेच, म्हणजे हाताने घडवलेली अर्धगोल कौलं होती, आता तरी मान. पण तात्यांनी ती पाऊस बघून चढवली. दादा नुसता फोटो बघून निघालाय.

ओटीच्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सना मी हात लावू देणार नाही. रंग उडालाय, पण कोपऱ्यातली तडकलेली सोडली तर एकही हलत नाही. ती कशी तडकली हे दादाला अजून माहीत नाही. नकोच कळायला.

सोनूचं लग्न ठरल्याचं कळलं, फार छान! बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

आणि हे बघ, दादा तुझं ऐकतो. रविवारी तो दुकानात पैसे भरणार आहे, त्याआधी फोन कर. माझं नाव घेऊ नकोस. आईच्या पायांचा विषय काढ. ऐकलंच नाही, तर निदान एका बॅचचेच खोके घे, दहा टक्के जास्त घे आणि सांधे करडे ठेव, एवढं तरी त्याच्या डोक्यात घाल.

तुझा,
बंड्या