विद्यार्थ्याची पात्रता तपासून झाली, आता महाविद्यालयाची तपासा

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

मी गेली एकोणीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं सगळ्यात आधी आमच्याच विभागात येतात. त्यामुळे दिव्यांग विद्यार्थ्याची पहिली अडवणूक कुठे होते, हे मला फार लांब जाऊन पाहावं लागत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या तुकडीत दोन्ही पायांना कॅलिपर लावणारी एक मुलगी होती. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन, दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे चालून-वाकून दाखवून, पात्र ठरून आलेली. आमचा शवविच्छेदन कक्ष दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती मृतदेह नेण्या-आणण्यासाठी राखीव. विच्छेदनाची टेबलं उभ्याने काम करणाऱ्याच्या मापाची आणि स्टुलं बुटकी. दोन-दोन तास ती टेबलाला रेलून उभी राहायची, एका हाताने टेबल घट्ट धरून. साहजिकच स्काल्पेल कायम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. मी लिफ्टसाठी आणि उंच, पाठ असलेल्या स्टुलासाठी अर्ज केला. लिफ्टची परवानगी यायला सात महिने लागले. तोवर हाताचं आणि पायाचं विच्छेदन आटोपलं होतं. स्टूल मात्र शेवटी रुग्णालयाच्या सुतारानं एका दुपारात करून दिलं.

तू डॉक्टर व्हायला पात्र आहेस का, हे त्या मुलीला प्रत्येक पायरीवर विचारलं गेलं. तिला शिकवायला हे महाविद्यालय पात्र आहे का, हे कोणीच विचारलं नाही. तो प्रश्न आपण विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र.

कायदा आपल्याला ठाऊकच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आणि व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय देणं बंधनकारक केलं. तरीही २०१९ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत एमबीबीएससाठी ‘दोन्ही हात शाबूत’ हवेत, त्यांत संवेदना आणि पुरेशी ताकद हवी, अशी अट आली. हाताचा एकेक स्नायू मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे, म्हणून अधिकारानं सांगते: बोटं नसलेल्या हातानं लहानाचं मोठं झालेलं माणूस पकड स्वतःच्या पद्धतीनं घडवतं. ती किती पक्की आहे, हे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून कळत नाही. त्या माणसाला काम करताना पाहावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणालं की केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का हे मंडळानं तपासावं आणि नकार दिला तर कारणं लेखी द्यावीत. त्याच महिन्यात, २५ ऑक्टोबरला, स्नायूंच्या आजारामुळे ८८ टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत’ ही अटच कायद्याला धरून नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण हे सगळं घडायला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना दिल्लीपर्यंत भांडत जावं लागलं. प्रवेशासाठीच्या समुपदेशनाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. ज्यांच्याकडे वकील नव्हता त्यांचं काय झालं असेल, हा विचार मला छळतो.

माझे काही सहकारी म्हणतात, रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. आहेच. पण कोणताही एक डॉक्टर वैद्यकातलं सगळं करत नाही. मनोविकारतज्ज्ञ बाळंतपण करत नाहीत आणि पॅथॉलॉजिस्ट हाड बसवत नाहीत. डॉ. सुरेश अडवाणींना आठव्या वर्षी पोलिओ झाला. व्हीलचेअरमुळे त्यांना वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला होता. तो नकार कायम राहिला असता तर? याच अडवाणींनी पुढे भारतातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया घातला आणि २०१२ मध्ये देशानं त्यांना पद्मभूषण दिलं. अमेरिकेत डेव्हिड हार्टमन पूर्ण अंध असूनही १९७६ मध्ये डॉक्टर झाले, पुढे मनोविकारतज्ज्ञ.

ऐकू कमी येणाऱ्या एका विद्यार्थ्यानं मला वेगळीच गोष्ट शिकवली. हृदयाचे आवाज त्याला अडचणीचे नव्हते. आवाज मोठा करणारा, त्याची लहर पडद्यावर दाखवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप त्यानं स्वतःच आणला होता. त्याची खरी अडचण होती मास्क. तो ओठांवरून बोलणं ओळखायचा आणि शस्त्रक्रियागृहात सगळ्यांचे ओठ झाकलेले. पारदर्शक मास्क मिळतात, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. विचारायचं कोणाला, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्या सत्रात तो गप्प उभा राहायचा आणि ‘रस नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे लागला.

महोदय, आयोग मान्यता देताना खाटा मोजतो, अध्यापक मोजतो, त्यांची हजेरी पाहतो. त्याच यादीत हेही घाला: व्हीलचेअरवरचा विद्यार्थी फाटकापासून शवविच्छेदन कक्ष, वॉर्ड, ग्रंथालय आणि वसतिगृहाच्या स्वच्छतागृहापर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय पोचतो का? उंची बदलणारं निदान एक टेबल आहे का? सोयीसाठी आलेल्या अर्जावर किती दिवसांत लेखी उत्तर मिळालं? प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत कोणत्या सोयी मिळतील, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतं का? प्रत्येक महाविद्यालयात यासाठी एक नेमलेला माणूस हवा, ज्याचं नाव सूचना फलकावर असेल आणि ज्याला छोट्या खर्चाचे अधिकार असतील. सात महिन्यांचं काम तेव्हा खरोखर एका दुपारी होईल. यात जे महाविद्यालय नापास होईल, त्याच्या वाढीव जागांचा प्रस्ताव थांबवा. जागा अडल्या की व्यवस्थापन हलतं, हे मी आतून पाहिलेलं आहे.

मूल्यमापन मंडळांवर दिव्यांग डॉक्टर घ्या. कुबड्या घेऊन वॉर्ड राउंड कसा होतो, हे ज्यानं केलंय त्यालाच नीट सांगता येतं. आणि शिक्षण चालू असताना अपघातानं किंवा आजारानं दिव्यांगत्व आलेल्या मुलांसाठीही नियम करा. तिसऱ्या वर्षाला पाय गमावलेल्या मुलाला आज आम्ही ‘वर्षभर विश्रांती घे’ यापलीकडे काही सांगू शकत नाही.

माझी ती विद्यार्थिनी आज पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. ते उंच स्टूल अजून आमच्या कक्षात आहे आणि यंदा त्यावर दुसरा मुलगा बसतो. लिफ्टसाठी मात्र त्याच्या नावानं मला नवा अर्ज करावा लागला. तो अजून मंजूर व्हायचा आहे.

आपली नम्र,
शरीररचनाशास्त्राची एक अध्यापिका