दर्शनी पडद्यावर कुणाचं नाव?

नाशिक, रविवार रात्र

प्रिय विन्या,

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर माझा मुद्दा रंगात आला की तुझी रेंज जाते आणि तुझा मुद्दा आला की लख्ख ऐकू येतं, हे मी बरेच दिवस बघतोय. म्हणून कागद. उत्तराला उशीर झाला त्यावर काही बोलू नकोस, तुझंही मागचं पत्र पावसाळ्यातलं होतं.

तब्येत ठीक. गोळ्या चालू आहेत. निफाडचा पारा पेपरात छापून यायच्या आधी माझ्या गुडघ्याला कळतो, एवढंच.

तर बातमी अशी की वाडा जातोय. मालकांच्या मुलांनी अखेर बिल्डरला होकार दिला. वरची आपल्या नाटकमंडळाची तालमीची खोली, जिन्याखालची आपली अडगळ, चौकातला नळ, सगळंच जाणार. जिन्याखालून नेपथ्याचे फ्लॅट बाहेर काढले तेव्हा एकाच्या मागे तुझ्या अक्षरात 'मध्याने हात लावू नये' असं सापडलं. काय कारण होतं आता आठवत नाही, पण तू बरोबर नसणार.

जागेचं दुःख वेगळं. खरा घोळ त्यापुढे आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. 'साहेब' मदत करायला निघालेत. नाव लिहीत नाही, चौकाचौकात फ्लेक्स आहेत त्यांचे, तू ओळखशील. त्यांच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर एक हॉल आपल्याला फुकट, वर वर्षाला एका नाटकाचा सगळा खर्च. बदल्यात संस्थेच्या नावाआधी त्यांच्या वडिलांचं नाव, दर्शनी पडद्यावर फोटो आणि वाढदिवसाला एक प्रयोग. जाता जाता त्यांचा माणूस म्हणाला, "जरा हलकंफुलकं घ्या, साहेबांना रडकं आवडत नाही."

आता तुला प. सा. नाट्यगृहातला तो प्रयोग आठवला असणार. मला तर मीटिंगभर दुसरं काही दिसत नव्हतं. साडीवाल्यांचा बॅनर रंगमंचाच्या कपाळावर, खाली आपल्या नाटकातली आई मरतेय आणि वर 'लग्नबस्त्यात खास सूट'. मध्यंतरात तू विंगेतल्या शिडीवर चढून ब्लेडने दोऱ्या कापल्यास आणि बॅनर नेमका अण्णांच्या डोक्यावर आला, तेही देणगीदारांना चहा देत असताना. त्यानंतर आपण दोन वर्षं बोललो नाही. मी आजही म्हणतो, बॅनर उतरवायचा होता हे ठीक, पण तिसरा अंक संपेपर्यंत थांबता आलं असतं. उरलेले पैसे बुडाले ते मी आणि अण्णांनी भरले, हे तू दरवेळी सोयीने विसरतोस.

मीटिंगमध्ये मी विरोध केला. विष्णुदास भाव्यांपासून सुरुवात केली (हसू नकोस). म्हटलं, १८४३ साली सांगलीच्या राजांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' झालं, मान्य. पण राजे गेले आणि आश्रय आटला, तेव्हा मंडळी गावोगाव फिरली, मुंबईत जाऊन तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक आपल्या पायावर उभं राहिलं ते तिकिटावर. टाळ्या वगैरे अपेक्षित होत्या. तर अण्णांची नात, तीच ती, आता दिग्दर्शन करते आणि आपल्यापेक्षा चांगलं करते, शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्या पिढीला तत्त्वं परवडली, कारण तुम्ही सगळे बँकेत होतात. पाच वाजता सुटायचात. आमच्यातले निम्मे डिलिव्हरी करून तालमीला येतात. त्यांना मी काय सांगू, भाव्यांनी काय केलं ते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, विन्या. अजून नाही. तुझ्याकडे असलं तर लिही, पण तूही बँकेतलाच, हे लक्षात ठेवून लिही.

खर्चाचं तुला सांगायला नको. स्पर्धेचं एक नाटक म्हणजे सेट, कपडे, लाइट, टेम्पो, तालमीचा चहा धरून लाख-दीड लाख कुठेच जातात. सरकारकडून जे मिळतं त्यात सेटचं प्लायवूड येतं, खिळे आपले. कालिदास कलामंदिराचं नूतनीकरण झाल्यापासून खुर्च्या आणि एसी झकास आहेत, पण तिथे तारीख धरायची म्हणजे हौशी मंडळाच्या पोटात गोळा येतो. बरं, तिकीट लावावं तर पासवाले. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या नाशकात नाटकाला प्रेक्षक नाही, हे वाक्य मी दर सत्कार समारंभात ऐकतो, आणि म्हणणारा पासावर आलेला असतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटीसुद्धा नाही, सरकारने तेवढं सोडलंय, पण आपल्या लोकांना पहिल्या तीन रांगांत फुकटच बसायचं असतं. आणि मोबाइल वाजतो तोही नेमका त्याच तीन रांगांत.

बंड्याचं म्हणणं वेगळं. तो अंबडच्या कंपनीत एचआरला आहे ना, तो सीएसआर, सीएसआर करतो, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती आहे म्हणे, मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के असल्या कामांवर खर्च करावेच लागतात, सातपूर-अंबडला कंपन्यांची रांग आहे, आपण फक्त जायचं. गेलो. समोरच्या बाई फार चांगल्या बोलल्या. ट्रस्टची नोंदणी, आयकर सवलतीचे बारा-ए, ऐंशी-जी, सीएसआर-एक फॉर्म, मागच्या तीन वर्षांचं काम आणि ऑडिट केलेले हिशोब. आपले हिशोब कुठे आहेत? अण्णांच्या डायरीत, 'भजी ४०, दाढी (ऋषींची) १२०' असे. ते काम मी आता हातात घेतलंय, सीए गाठलाय, धर्मादाय आयुक्तांकडचे, विश्वस्त बदलल्याचे थकलेले चेंज रिपोर्ट भरतोय. पण त्यात वर्ष जाईल आणि साहेबांना उत्तर संक्रांतीच्या आत हवंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. वाड्यातल्या सगळ्यांना एकदा सांगावं म्हणून तालमीच्या खोलीखालच्या गजाकाका शिंप्यांच्या दुकानात उतरलो. त्यांचंही दुकान जातंयच. ते कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होते. चष्मा कपाळावर, तोंडात दोरा. मी वर काय काय झालं ते सांगितलं. त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "त्या बापलेकीच्या नाटकात तुमचा तो उंच पोरगा 'मी तुला ओळखत नाही' हे वाक्य घाईत घ्यायचा. पहिल्या खेपेचा पोरगा बरोबर घ्यायचा." पहिल्या खेपेचा म्हणजे तू, शहाण्या. इतक्या वर्षांचं सगळं ऐकलंय त्यांनी, छतातून. आपण पाय आपटायचो ते, भांडायचो ते, सगळं. मग मशीनवर कापड घातलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यात शेवटी बाप घरी येतो का हो?"

मला कळेना. ते म्हणाले, "दुकान नऊला बंद करतो. तुमचा शेवटचा अंक त्यानंतर. दोन अंक पाठ आहेत माझे, शेवट एकाही नाटकाचा माहीत नाही."

इतकी वर्षं! आणि नाटकाला का आला नाहीत, विचारलं तर म्हणाले, पास मागायला लाज वाटते आणि तिकीट आहे असं कुणी सांगितलं नाही. आपण पत्रिका कुठे वाटायचो? गंगापूर रोडला, कॉलेज रोडला, कुसुमाग्रज स्मारकात, सार्वजनिक वाचनालयात. वाड्याच्या पुढच्या बोळात, जिथे गणपतीची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात आणि घरटी वर्गणी गोळा करून आणतात, तिथे आपण कधी पावतीपुस्तक नेलंच नाही. आपल्याला ते कमीपणाचं वाटायचं. तुला तर फारच. 'नाटक ही काही सार्वजनिक पूजा नाही' हे तुझंच. छान वाक्य होतं, पण त्याने काय झालं बघ.

म्हणून मी एक काढलंय. सभासद योजना. माणशी पाचशे, वर्षभरासाठी. त्यात दोन नाटकं, एक एकांकिकांची संध्याकाळ आणि चित्रकार मंडळींचं एक प्रदर्शन. पास बंद, सगळ्यांना, अध्यक्षांनासुद्धा. चारशे सभासद झाले तर दोन लाख, म्हणजे एक नाटक कुणाचं तोंड न बघता उभं राहतं. आणि पहिला प्रयोग कालिदासला नाही, प. सा.लाही नाही, वाडा पडायच्या आत वाड्याच्या चौकात, बोळातल्या लोकांसाठी, तिसऱ्या अंकासकट. सेट लागत नाही, वाडा आहेच. लाइटला दोन हॅलोजन आणि तुझा तो जुना डिमर, जो तू 'दुरुस्त करून आणतो' म्हणून नेलास.

चित्रकारांचं ऐकून तुला बरं वाटेल. दर रविवारी सकाळी गोदाघाटावर स्केचिंगला बसणारी पोरं आहेत ना, त्यांची अवस्था आपल्यापेक्षा बिकट. शिवाजी तुपेंनी या घाटांची, वाड्यांची जलरंगात केलेली चित्रं बघून मोठी झालेली ही मुलं, हात चांगला आहे, पण प्रदर्शन लावलं की बघायला येतात तीच, एकमेकांची. त्यांच्यातल्या एकीने डोकं लढवलं. कॉलेज रोडच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना चित्र विकायला गेली, त्या नको म्हणाल्या, तर म्हणाली, भाड्याने घ्या, महिना तीनशे, दोन महिन्यांनी बदलून देते. बाईंनी दोन घेतली. आता दाढ काढायच्या आधी माणसं अहिल्याबाई होळकर पुलाखालचं पाणी बघत बसतात. एक म्हातारे गृहस्थ नंबर आला तरी उठेनात, म्हणे यात आमचं घर आहे. ही मुलं आपल्या सभासद योजनेत येतात, आपल्या प्रयोगाला बाहेर चित्रं लावतात आणि आपलं नेपथ्य रंगवतात. आपला ऋषी म्हणतो, हे म्हणजे दोन भुकेल्यांनी मिळून हॉटेल काढणं. म्हणू दे.

अण्णांच्या नातीचा याला विरोध नाही. तिचा हिशोब तेवढा कडक आहे. म्हणाली, संक्रांतीपर्यंत दीडशे पावत्या फाटल्या तर साहेबांना नाही म्हणू, नाहीतर मी पडद्यावर फोटो छापायला टाकते. आणि ती टाकेल. सध्या पावत्या पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यात नातेवाईक बरेच. सिंहस्थाच्या तयारीने गावात जिकडेतिकडे खोदलंय, धुळीतून दारोदार फिरताना कुणी विचारतं, "कुंभमेळ्याची वर्गणी का?" नाही म्हटलं की दार अर्धं लोटतात, नाटकाचं म्हटलं की पुन्हा थोडं उघडतात. हे मी नवीनच शिकतोय.

आता तुझं काम. तू वडशाला, झाडीपट्टीच्या नाटकांच्या गावी आहेस आणि तिथे ऐन हंगाम चालू असणार. तू मागे लिहिलं होतंस, नाटकमंडळ्यांच्या ऑफिसांच्या पाट्यांची रांग, दिवाळीनंतर गावोगाव नाटक, पहाटेपर्यंत माणसं बसलेली, आणि तिकीट काढून! तेव्हा मी 'हो का' म्हणून सोडून दिलं होतं. आता मला बारकाईने हवंय. गावातलं मंडळ नाटक ठरवतं तेव्हा इसार किती देतं? खेळ पडला तर तोटा कोण सोसतं, मंडळी की गाव? लेकी-जावई, पाहुणे नाटकासाठी बोलावतात म्हणतात ते खरंच का? आणि मुख्य, गावच्या पुढाऱ्याला पहिल्या रांगेत फुकट बसवतात का? एखाद्या मंडळीवाल्याशी बसून चहा पी आणि विचार. बँकेचा साहेब म्हणून जाऊ नकोस, कर्ज मागायला लागतील.

तुझं प्रमोशन झाल्याचं ऋषीकडून कळलं, अभिनंदन, तरी स्वतः सांगायला हवं होतंस. प्राजूच्या लग्नाचं ठरलं की तारीख आधी कळव, प्रयोगाशी भिडली तर प्रयोग हलवू, पण एकदाच. तुझ्या पित्ताचं काय? आणि तिकडचे तांदूळ पाठवतो म्हणालास ते अजून आले नाहीत. इकडून चिवडा पाठवलाय, फोडणीतल्या मिरच्या वहिनींना काढून ठेवायला सांग.

डिमर परत पाठव. दुरुस्त नसला तरी पाठव, इथे गजाकाकांचा पुतण्या बघेल.

आणि तुझी पावती मी फाडलीच आहे, पाचशे पाठव. फक्त नावाची जागा कोरी ठेवलीय. तुझं घालू की वहिनींचं? वहिनींचं घातलं तर निदान प्रयोगाला येणारं कुणीतरी असेल.

तुझा,
मध्या