ऑडिओबुक वाचणाऱ्या अनोळखी आवाजास

स. न. वि. वि.

आपला परिचय नाही, तरी माझ्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी व्यक्ती सध्या तुम्हीच आहात. दिवसभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर रात्री पुस्तक उघडायचं म्हटलं की डोळे संप करायचे. माझं वाचन जवळजवळ सुटलं होतं. ते तुम्ही परत मिळवून दिलंत, तेही कपड्यांच्या घड्या घालता घालता, म्हणून हे पत्र.

डोळ्यांनी वाचताना मी लबाड असते. पावसाचं पानभर वर्णन आलं की नजर सरळ खालच्या संवादावर. कानाला ती पळवाट नाही. तुमचा पाऊस पडून संपेपर्यंत थांबावंच लागतं. (पुढे सरकवायचं बटण असतं, पण ओल्या हातांनी ते कोण दाबणार?) पूर्वी वाचलेलीच एक कादंबरी तुमच्याकडून ऐकली. त्यातली म्हातारी आत्या ‘मला काही माहीत नाही’ म्हणते, त्याआधी तुम्ही किंचित थांबलात, आणि ती खोटं बोलतेय हे मला पहिल्यांदाच कळलं. छापलेल्या पानावर ती जागा होतीच, मीच तिथून भरधाव गेले होते. भांडी घासून झाली तरी मी प्रकरण संपेपर्यंत सिंकपाशीच उभी.

ऐकणं वाचनापेक्षा सरस, असं मात्र मी म्हणणार नाही. तक्ते आणि तळटीपांचं पुस्तक मला कागदावरच हवं. माहितीपर पुस्तकं मी दीडपट वेगानं ऐकते, पण तुमची गोष्ट कधीच नाही. आणि मागे संगीत घालत नाही, त्याबद्दल वेगळे आभार.

तासाभराच्या तयार ऑडिओसाठी वाचणाऱ्याला माइकपुढे त्याच्या दुप्पट वेळ सहज बसावं लागतं, हे मला अलीकडे कळलं. बाही घासली, पोटात गुरगुरलं, की ते वाक्य पुन्हा. तरी शेवटच्या प्रकरणातही आत्याचा आवाज पहिल्यासारखाच!

तुमच्याआधीच्यांचंही ऋण आहेच. अमेरिकेत १९३४ साली अंध वाचकांना बोलती पुस्तकं तबकड्यांवर मिळू लागली. तबकडीच्या एका बाजूवर साधारण १५ मिनिटांचा मजकूर मावायचा. गोष्ट ऐन रंगात आली की उठून तबकडी उलटायची. मी आज सोय म्हणून ऐकते, त्यांच्यासाठी ती गरज होती. कंटाळवाण्या कामांत रमताना हे मला मुद्दाम आठवावं लागतं.

एक विनंती. एवढी मोठी कादंबरी तुम्ही सावकाश वाचता आणि शेवटी स्वतःचं नाव मात्र घाईनं उरकता. मला ते दोनदा मागे नेऊन ऐकावं लागलं. पुढच्या पुस्तकात तेवढं नीट घ्या.

आपली,
एक श्रोती