झाडीपट्टीतील चरित्र नटांची नोंद हवी

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दोन आकडे सगळीकडे छापून आले: पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या या शेतकरी नटाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण या आकड्यांचा भागाकार करून पाहावा. भूमिकेमागे सरासरी सहाच प्रयोग येतात. पुण्या-मुंबईत एखादा नट एकाच भूमिकेचे शेकड्यांनी प्रयोग करतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान निघालं की नाटकं सुरू होतात, होळीच्या आसपास हंगाम संपतो आणि पुढच्या वर्षी नवं नाटक, नवा सावकार, नवा म्हातारा बाप. हे रात्र-रात्र उभं करणाऱ्या बाकीच्या चरित्र नटांची (नायक-नायिका सोडून इतर पात्रं करणाऱ्यांची) कारकीर्द कुठेच लिहिलेली नसते. त्यांच्यातला एखादा गेला की बातमीत ‘अनेक नाटकांत भूमिका केल्या’ एवढंच उरतं. नागपूरचेही कितीतरी नट हंगामात वडशाच्या (देसाईगंज, जि. गडचिरोली) नाट्यमंडळांतून कामं करतात. त्यांचीही हीच गत.

नोंद करणं अवघड नाही. नाटकाचं पत्रक हाच पहिला पुरावा. त्यावर नाटक, मंडळ, गाव, तारीख, वार आणि नटांची नावं असतात. पुष्कळदा साल मात्र नसतं आणि घोळ तिथेच होतो.

साल काढण्याची रीत अशी. समजा, पत्रकावर ‘सोमवार, १५ जानेवारी’ आहे. १९९० पासून पाहिलं तर ही जुळणी १९९०, १९९६, २००१, २००७, २०१८ आणि २०२४ मध्ये येते. मोबाइल नंबर छापला असेल तर पहिली दोन सालं गळाली. मग जिल्हा पाहावा. गडचिरोली जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया मे १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. अर्जुनी मोरगावपुढे ‘जि. भंडारा’ असेल तर पत्रक बहुधा १९९९ च्या आधीचं, कुरखेड्यापुढे ‘जि. चंद्रपूर’ असेल तर त्याहूनही जुनं. जुन्या सवयीने जुना जिल्हा छापला जातो, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा तिथीचा उल्लेख असेल तर तो जुन्या पंचांगाशी ताडावा. बहुतेक वेळा एकच साल उरतं.

प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटे संपतो, म्हणून छापलेलीच तारीख धरावी, नाहीतर एकाच प्रयोगाचे दोन होतात. ऐनवेळी नट बदलला असेल तर पत्रक खोटं सांगतं. तिथे पेटीवाल्याला किंवा प्रॉम्प्टरला विचारावं, कारण हंगामभर ते मंडळाबरोबरच असतात. जुनंच नाटक नव्या नावाने लावलं असेल तर पात्रांची नावं जुळतात का पाहावं आणि भूमिका एकदाच मोजावी. नटाचं नाव पत्रकावर आहे तसंच उतरवावं, खरं नाव शेजारच्या रकान्यात.

रंगीत पातळ कागद उन्हाने फिका पडतो. चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागदात उतरतो आणि नेमकी नावाचीच ओळ पिवळी पडते. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. सावलीत, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि गाव-साल पेन्सिलने पाकिटावर लिहावं, पत्रकावर नाही.

पण पत्रकावरच नावं नसतील तर हा सगळा खटाटोप फुकट. बाहेरून आलेल्या नायिकेचं नाव ठळक असतं, खाली उरलेल्यांसाठी ‘आणि इतर’. बातमीतही तेच होतं. आपल्या वृत्तपत्राला आमची कळकळीची विनंती आहे की येत्या हंगामात झाडीपट्टीची बातमी देताना नाटक, मंडळ, गाव, तारीख यांबरोबर बाप, सावकार, पाटील, वेडा अशी पात्रं आणि ती करणाऱ्या नटांची पूर्ण नावं छापावीत. मंडळांच्या मालकांनीही पत्रकावर साल घालावं. छपाईला त्यासाठी एक पैसाही जास्त पडत नाही.

– काही नाट्यरसिक, नागपूर