समुद्रतळाखालची उष्णता मोजणं थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मत्स्य ६०००' पाणबुडीवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख मनापासून आवडला. तीन माणसं सहा हजार मीटर खोल उतरणार, याचा मलाही अभिमान आहे. मात्र समुद्रतळाखालच्या उष्णतेचा उल्लेख त्यात एका वाक्यात उरकला आहे, आणि खोल तापमापक सोडला की ती कळते, असा त्यातून समज होतो. उद्यमनगरातल्या फौंड्रीत क्वालिटी विभागात माझी नोकरी झाली. तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणून हे पत्र.

समुद्रतळातून वर येणारी उष्णता ठरवायला दोन मोजमापं लागतात. खाली जाताना दर मीटरला तापमान किती वाढतं, हे एक. तिथला गाळ किंवा दगड उष्णता किती सहज पुढे सरकू देतो, हे दुसरं. दोन्हींचा गुणाकार केला की दर चौरस मीटरला किती उष्णता बाहेर पडते ते मिळतं. दुसऱ्या मोजमापासाठी वर आणलेल्या गाळाच्या नळकांड्यात बारीक सुई खुपसतात, सुई तापवतात आणि ती किती वेगाने तापते ते पाहतात. जगभरच्या समुद्रतळाची सरासरी दर चौरस मीटरला सुमारे १०० मिलीवॉट येते, जमिनीची सुमारे ६५. म्हणजे समुद्राखालच्या एका गुंठ्यातून साधारण १० वॉट, घरातला एक एलईडी दिवा पेटेल एवढीच उष्णता. इतकी मंद गोष्ट किलोमीटर-किलोमीटर पाण्याखाली मोजायची असते.

१९५२ साली रेव्हेल आणि मॅक्सवेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधले पहिले आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा सगळे चकित झाले. समुद्राखाली किरणोत्सारी मूलद्रव्यांमुळे उष्णता देणारा ग्रॅनाइट नाही, त्यामुळे उष्णता जमिनीपेक्षा खूप कमी निघेल अशी अपेक्षा होती. निघाली जवळपास तेवढीच. पण ती मोजणी गाळात काही मीटर घुसणाऱ्या सळईने केलेली. गाळाखालच्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, भेगांतून समुद्राचं पाणी फिरतं आणि बरीच उष्णता परस्पर घेऊन जातं, ते त्या सळईला कळत नाही. त्यासाठी खोल बोअरच लागतं.

आणि बोअर मारलं की खरी पंचाईत सुरू होते, कारण मारतानाच आतलं तापमान बिघडतं. मऊ गाळात गाभा, म्हणजे गाळाचा नळकांड्यासारखा नमुना, काढणाऱ्या नळीच्या टोकातच तापमापक बसवतात. नळी घुसताना घर्षणाने तापते, म्हणून ती सुमारे दहा मिनिटं हलू न देता धरून ठेवतात आणि आकडा कसा उतरत जातो त्यावरून मूळ तापमान काढतात. कठीण खडकात एवढ्याने भागत नाही. पूर्व पॅसिफिकमधलं ५०४ बी हे बोअर तळाखाली २,१११ मीटर गेलं. तिथे समुद्रतळाचं थंड पाणी बोअरमधूनच खालच्या बेसाल्टमध्ये ओढलं जात होतं. अशा ठिकाणी थर्मामीटर सोडून काय वाचणार? म्हणून १९९१ पासून काही बोअरांना वरून बूच मारून आत उपकरणं वर्षानुवर्षं ठेवू लागले. खडक पूर्ववत होईपर्यंत थांबायचं, मग आकडा घ्यायचा. भट्टीवर काम केलेल्या माणसाला या धीराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हे सगळं कशासाठी? जपानचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर सोळा महिन्यांनी 'चिक्यू' जहाजाने जवळपास सात किलोमीटर पाण्याखाली आठशे मीटरहून खोल बोअर घेतलं आणि त्यात ५५ तापमापकांची माळ सोडली. एप्रिल २०१३ मध्ये ती बाहेर काढली. जिथे जमीन सरकली होती तिथे तापमान आजूबाजूपेक्षा फक्त ०.३१ अंशाने जास्त होतं. एवढ्याशा फरकावरून त्या भेगेतलं घर्षण फारच कमी होतं, हे कळलं. तिथला समुद्रतळ सुमारे ५० मीटर कसा घसरू शकला, याचा उलगडा त्यातून झाला.

आपल्याला हे लांबचं वाटू नये. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ २८ नोव्हेंबर १९४५ ला झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती. अशा भागात दोन भूपट्टे किती खोलपर्यंत एकमेकांत अडकून राहतात, हे तिथल्या तापमानावर ठरतं. म्हणजे रत्नागिरी-देवगडच्या किनाऱ्याला किती धोका आहे, याचं एक उत्तर अरबी समुद्राखालच्या उष्णतेत आहे.

२०१५ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' हे समुद्रतळात बोअर घेणारं अमेरिकी जहाज अरबी समुद्राखालच्या लक्ष्मी खोऱ्यात आलं होतं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्याखाली त्याने बोअर घेतले. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे होते. १९८५ पासून जगभर फिरलेलं ते जहाज २०२४ मध्ये निवृत्त झालं. चीनने त्याच वर्षी 'मेंगशियांग' हे स्वतःचं जहाज सेवेत आणलं. आपल्याकडे खोल समुद्रात असं वैज्ञानिक बोअर घेणारं जहाज नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या सागरी मोहिमेची चर्चा पाणबुडीपाशीच थांबते, याचं मला वाईट वाटतं.

बोअरमधल्या मोजमापाची जाण असलेली माणसं आपल्या शेजारीच आहेत. कोयना परिसरातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर झालं. ते काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीचं. कोल्हापूरहून तिथे जायला दीड-दोन तास पुरतात. आपण तिथे वार्ताहर पाठवावा, बिघडलेलं तापमान पूर्ववत होण्याची वाट कशी पाहतात ते सविस्तर छापावं. समुद्रात हेच करायला काय लागेल, हेही त्यांना विचारावं. शिवाजी विद्यापीठाने त्यांचं एखादं व्याख्यान मराठीतून ठेवलं, तर उद्यमनगरातून निदान मी आणि माझे चार-पाच जुने सहकारी नक्की येऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त फौंड्री कर्मचारी
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर