२०० केबीच्या उंबरठ्यावर अडलेला सातबारा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारनेच डिजिटल सही करून दिलेला कागद सरकारी कार्यालयात नामंजूर होण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या आईचा ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा : ‘सातबारावरील डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी होत नाही, सबब अर्ज नामंजूर.’ आई ७२ वर्षांची आहे. काटोल तालुक्यात तिच्या नावावर संत्र्याची लहानशी बाग आहे. वडील गेल्यापासून ती एकटीच ती बाग सांभाळते. मी नागपूरला, धंतोलीत एका मूल्यांकनकारांच्या कार्यालयात कागदपत्रांचं काम बघते. म्हणून अर्ज मीच भरला होता.

झालं ते असं. सातबारा मी राज्य शासनाच्याच पोर्टलवरून १५ रुपये भरून काढला. त्यावर डिजिटल सही होती आणि घरच्या संगणकावर ती तपासली तेव्हा हिरवी खूणही आली. फाइल होती ३४० केबीची. अर्जाच्या संकेतस्थळाची मर्यादा २०० केबी. फाइल चढेना. मदतवाहिनीवर विचारलं तर उत्तर मिळालं, “लहान करून टाका ताई, सगळे तसंच करतात.” लहान केली तर सही मोडेल, हे मी त्याच फोनवर सांगितलं. पलीकडच्या माणसाला मी काय म्हणतेय हेच कळलं नाही. दुसरा रस्ता नव्हता आणि मुदत संपत आली होती. फाइल लहान केली, चढवली, आणि मी सांगितलं होतं त्याच कारणासाठी अर्ज फेटाळला गेला.

मूळ फाइल मोठी म्हणून चालत नाही आणि लहान केलेली मूळ राहिली नाही म्हणून चालत नाही. मग नागरिकाने द्यायचं काय?

पीडीएफवरची डिजिटल सही म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातलं सहीचं चित्र नव्हे. ती फाइलच्या प्रत्येक बाइटचा हिशेब धरून केलेली असते. फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर तीच फाइल आतून नव्याने लिहितं, चित्रं दाबतं, फॉन्ट छाटतं. लाखेची मोहर फोडून पाकीट परत चिकटवावं तसा हा प्रकार. कोपऱ्यातलं पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ हे शब्द चित्रासारखे मागे उरतात, त्यामागची सही गेलेली असते. प्रिंट काढून स्कॅन केलं तरी तेच. आपल्या खात्यात हे जाणणारी माणसं नक्की आहेत. तरीही संकेतस्थळ बांधताना २०० केबीचा आकडा टाकणाऱ्याला एकानेही अडवलं नाही.

मी स्वतः त्या कार्यालयात गेले. मूळ फाइल पेनड्राइव्हवर नेली होती. तिथल्या बाबूंनी ती क्रोममध्ये उघडली. क्रोम डिजिटल सही तपासतच नाही, नुसतं पान दाखवतं. ते बोट ठेवून म्हणाले, “हे बघा, पिवळं आहे.” मी म्हटलं, अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करा, प्रमाणपत्र बघा. त्या संगणकावर रीडर होतं, पण भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या आधारावर बाकीच्या सह्या खऱ्या ठरतात ते, त्यात विश्वासार्ह म्हणून नोंदवलेलं नव्हतं. त्यामुळे तिथेही पिवळंच आलं. ती नोंद एकदाच करावी लागते, काही मिनिटांचं काम. ते म्हणाले, सेटिंगला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, आणि न शिकवता त्याच्या हातात नामंजुरीचं बटण दिलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “कागद खरा हाय ना? मंग कायले वापस केला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरची फुलं, धरायचा तर आता पाणी बंद करून बागेला ताण द्यायचा आणि जानेवारीत पाणी देऊन तो ताण तोडायचा. विहिरीचं पाणी मोकाट सोडून भागत नाही, म्हणून तर ठिबक हवं. पूर्वसंमतीशिवाय संच बसवला तर अनुदान जातं. नवा अर्ज करावा तर तो रांगेत शेवटी. माझी आई रात्रीच्या विजेच्या पाळीला टॉर्च घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहते, पाणी कुठल्या वाफ्यात गेलं ते बघते. तिच्या गुडघ्यांचं मी इथे लिहीत नाही, कारण आपल्या अर्जात त्याला रकाना नाही.

महोदय, कार्यालयात कागदपत्रं नीट ठेवणं फार अवघड किंवा फार खर्चिक आहे, असं कुणी आपल्याला सांगत असेल तर ते खरं नाही. आमचं कार्यालय सात-आठ माणसांचं. जुनी खरेदीखतं, मंजूर नकाशे, कर पावत्या, बँकांचे अहवाल, हजारो कागद. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं याचा शोध मीच घेतला. अ‍ॅक्रोबॅट प्रो सगळं करतं आणि चांगलं करतं, पण माणशी वर्गणी भरत राहावी लागते. वर्गणी थांबली की संपादन थांबलं. आमच्यासारख्यांना प्रत्येक टेबलावर ते परवडत नाही आणि प्रत्येक टेबलाला त्याची गरजही नाही. सही तपासायला, शेरे लिहायला, अर्ज भरायला फुकटचं रीडर पुरतं. फॉक्सिट आणि नायट्रो ही त्याच कामाची दुसरी साधनं. हाताळायला हलकी, पण तीही विकतचीच. पीडीएफ-एक्स्चेंजची फुकट आवृत्ती टिपणं करायला मला आवडते. मात्र तिच्यातली विकतची सोय वापरली की पानावर तिचा शिक्का उमटतो. असा शिक्का असलेला कागद बँकेला देता येत नाही. पानं जोडायला-तोडायला पीडीएफसॅम फुकट आहे. लिब्रेऑफिस तर थेट पीडीएफ-ए बनवून देतं. म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेला, फॉन्ट आतच सामावलेला प्रकार. त्याचं मानक २००५ पासून आहे, आणि पीडीएफ स्वतः २००८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक आहे. एका कंपनीच्या दारात उभं राहायची गरज सरकारला नाही.

खरी अडचण मराठी शोधण्याची. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यात नाव शोधता येत नाही. आम्ही टेसरॅक्ट नावाचं खुलं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात मराठीची वेगळी सोय आहे. छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं, जोडाक्षरांत अधूनमधून अडखळतं, जुन्या मोडी किंवा हस्ताक्षरातल्या कागदापुढे मात्र चालत नाही. त्यावर पेपरलेस-एनजीएक्स बसवलं. तेही फुकट. कागद आत टाकला की मजकूर वाचून ठेवतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवून शोधण्यासाठी पीडीएफ-एची वेगळी प्रत तयार करतं. मूळ फाइलला हात लागत नाही, म्हणजे सही शाबूत. धंतोलीतल्या एका खोलीत जुन्या संगणकावर हे चालतं. मोठ्या कार्यालयांसाठी अल्फ्रेस्को आहे, शेअरपॉइंट आहे. कुणी कधी काय बदललं त्याची नोंद दोन्हींत राहते. शासनाकडे तर एनआयसीचं, म्हणजे सरकारच्याच संगणक संस्थेचं, ई-ऑफिस आहे, कागदी फाइलीतल्यासारख्या हिरव्या टिपणीसकट. साधनांची कमतरता नाही.

आणि स्कॅनचा आकार? ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत घेतलं तर कच्चा डेटा सुमारे २६ एमबी होतो. तेच पान काळं-पांढरं घेतलं तर जेमतेम १ एमबी, आणि योग्य तऱ्हेने दाबलं की काही डझन केबी. अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला हे कोण सांगतं? तो नागपूरच्या बर्डी बाजारात किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. झेरॉक्सवाला कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर त्याचा सातबारा, आधार, बँक पासबुक चढवतो, लहान करतो, उतरवून घेतो. ते कागद कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेले, त्यांचं पुढे काय झालं, कुणाला माहीत नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. आणि आपली संकेतस्थळं एका आकड्याच्या हट्टापायी नागरिकाला त्याचा आधार परक्या सर्व्हरवर टाकायला लावतात. याचा जाब कुणाला विचारायचा?

प्रत्येक तालुक्यात दिवसाला असे दहाच अर्ज मागे फिरत असतील असं धरा. तालुके साडेतीनशेच्या वर आहेत. म्हणजे दिवसाला साडेतीन हजार माणसं. हा माझा अंदाज आहे. खरा आकडा आपल्या खात्याने जाहीर करावा, तो त्यांच्याच यंत्रणेत आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. इलेक्ट्रॉनिक दस्त आणि डिजिटल सही यांना त्याच्या कलम ४ आणि ५ ने मान्यता दिली. २५ वर्षं झाली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या. तेव्हाही राज्याने ऐकलं की आता सगळं कागदविरहित होणार. २०१५ ला लोकसेवा हक्क कायदा आला. २०२५ मध्ये सरकारी कार्यालयं सुधारण्याचा १०० दिवसांचा कार्यक्रम झाला, मग १५० दिवसांचा. प्रत्येक वेळी वचन एकच आणि प्रत्येक वेळी खिडकीवरचा माणूस म्हणतो, झेरॉक्स आणा, दोन प्रती, स्वसाक्षांकित. ई-ऑफिसमधली टिपणी छापून, तिच्यावर पेनाने सही घेऊन, ती परत स्कॅन करून चढवताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. याला डिजिटल कारभार म्हणता येत नाही. हा जुना कारभार वर आणखी एका यंत्राचं ओझं घेऊन चालला आहे, आणि ते ओझं शेवटी नागरिकाच्या डोक्यावर येतं.

शासन निर्णयांच्या पीडीएफचंही तेच. शेवटी लिहिलेलं असतं की आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे. पण मराठी मजकूर कॉपी केला की अनेकदा वेलांट्या उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि नाव टाकून शोधलं तर काही सापडत नाही. ज्या भाषेत राज्य चालतं त्या भाषेत राज्याचा कागद शोधता येऊ नये, हे आम्ही किती वर्षं सोसायचं? मंत्री बदलतात, कार्यक्रमांची नावं बदलतात, कंत्राटदार बदलतात. दर नव्या कंत्राटदाराबरोबर नवं संकेतस्थळ येतं आणि जुन्यावर चढवलेले आमचे कागद पुन्हा मागितले जातात. सरकारने स्वतः दिलेला कागद सरकारच्याच दुसऱ्या खिडकीत आणून द्यायचं काम आम्ही का करायचं? सातबारावर पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक अर्जात घ्या आणि तुमच्याच भांडारातून कागद उचला. पीडीएफ चढवायची वेळच येणार नाही. केंद्र सरकारचं डिजिटल कागदपत्रांचं कपाट, डिजिलॉकर, २०१५ पासून याच कल्पनेवर उभं आहे.

पुढच्या महिन्यात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दापोटी हे अधिवेशन इथे भरतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतील, मोर्चे अडवले जातील. त्या गर्दीत माझं म्हणणं पोहोचणार नाही, म्हणून आधीच लिहिते आहे. डिजिटल सहीच्या कागदांना आकाराची ही मर्यादा लावू नका, किंवा ती निदान २ एमबी करा. नामंजुरीचा अधिकार असलेल्या प्रत्येक संगणकावर भारतीय मूळ प्रमाणपत्र बसवा, आणि सही कशी तपासायची ते त्या कर्मचाऱ्याला अर्धा दिवस बसवून शिकवा. डिजिटल सही नसलेल्या, स्कॅन केलेल्या फाइली लहान करायची सोय शासनाच्या संकेतस्थळावरच द्या, म्हणजे आमचे आधार बाहेर जाणार नाहीत. शासन निर्णय शोधता येईल अशा युनिकोड मराठीत आणि पीडीएफ-ए मध्ये काढा. आणि सही न जुळल्यामुळे या वर्षी फेटाळलेले अर्ज, फक्त माझ्या आईचा नव्हे, सगळेच, रांगेतली जागा न घालवता पुन्हा उघडा.

आईच्या अर्जाचा क्रमांक आपल्या कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवला आहे. मूळ सातबाराची पीडीएफ ई-मेलने पाठवली आहे, एकही बाइट न बदलता. ती कृपया रीडरमध्ये उघडून आपल्यासमोर तपासून घ्यावी आणि जानेवारीच्या आत मला लेखी कळवावं, की ती सही खरी आहे की नाही.

आपली,
धंतोली, नागपूर येथील एक नागरिक